आरोग्य विमा घ्यायचा की नाही हे पक्ष ठरवतो का? (अमेरिका, ओबामाकेअर, मेडिकेड)

सोनचाफा

आरोग्य विमा घ्यायचा की नाही हे माणूस कशावर ठरवतो? हप्ता किती, डिडक्टिबल (विम्याचे पैसे सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) किती, आपले डॉक्टर नेटवर्कमध्ये आहेत का, घरात कोणाला शुगर-बीपी आहे का, एवढंच ना? पण इथे अमेरिकेत एनरोलमेंटच्या (विमा घ्यायच्या ठरलेल्या मुदतीच्या) दिवसांत मी लायब्ररीत बसून लोकांना फॉर्म भरायला मदत करते (स्वयंसेवक म्हणून, पगारी नाही) आणि तिथे जे दिसतं ते या हिशोबात बसत नाही. समोर पन्नाशीचा माणूस, स्वतःचा छोटा धंदा, विमा नाही, गुडघ्यामुळे खुर्चीत धड बसता येत नाहीये, सबसिडी धरून हप्ता त्याच्या फोनच्या बिलापेक्षा कमी निघतोय, आकडा बघून चेहरा खुलतो, आणि मग विचारतो की हे ओबामाकेअर (डेमोक्रॅट अध्यक्ष ओबामा यांच्या काळातला २०१० चा आरोग्य विमा कायदा) तर नाही ना. हो म्हटलं की कागद माझ्याकडे परत सरकवतो. रागाने नाही हं, शांतपणे. सरकारचं काही नको म्हणतो आणि तसाच लंगडत जातो. मला अशा वेळी फार वाईट वाटतं, कारण त्याला विम्याची गरज आहे हे त्यालाही दिसत असतं.

आणि हे फक्त माझ्या टेबलापुरतं नाही. एमी लर्मन, मेरेडिथ सेडिन आणि सॅम्युअल ट्रॅक्टमन या तिघांनी २०१७ मध्ये अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यूमध्ये यावर शोधनिबंध लिहिलाय. एक्स्चेंजवरून (या कायद्याने उभारलेल्या विम्याच्या बाजारातून) विमा घेण्यात रिपब्लिकन लोक डेमोक्रॅट लोकांपेक्षा मागे होते हे तर त्यांनी दाखवलंच, पण पुढे प्रत्यक्ष लोकांवर मोठा प्रयोगही केला. सरकारचा उल्लेख मागे ठेवला आणि बाजाराचा, खाजगी कंपन्यांचा पुढे आणला तर हा फरक मिटू शकतो असं त्यात निघालं. योजना तीच, पैसे तेच, फक्त मांडणी वेगळी!

राज्यांच्या पातळीवर तर हे अजून उघड दिसतं. २०१० च्या याच कायद्यात मेडिकेडचा (गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचा) विस्तार सगळ्या राज्यांना करायचा होता, पण जून २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो ऐच्छिक केला. केंद्र पहिली तीन वर्षं विस्ताराचा १०० टक्के खर्च देणार होतं आणि नंतर उतरत उतरत ९० टक्क्यांवर थांबणार होतं, तरीही आजपर्यंत १० राज्यांनी तो घेतलेला नाही, टेक्सस, फ्लोरिडा, जॉर्जिया, टेनेसी, अलाबामा, मिसिसिपी वगैरे. घेतलेल्या आणि न घेतलेल्या राज्यांचा नकाशा निवडणुकीच्या नकाशाशेजारी ठेवून बघा.

तर इथल्या लोकांचे अनुभव ऐकायचे आहेत. विशेषतः जे या कायद्याच्या विरोधात आहेत त्यांनीही मोकळेपणाने लिहा, मला खरंच समजून घ्यायचंय.

काजवा

चांगला धागा. थोडं मागे जाऊन लिहितो कारण हे ओबामापासून सुरू झालेलं नाही. १९६१ मध्ये म्हाताऱ्या लोकांसाठी सरकारी विम्याची चर्चा होती तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, रोनाल्ड रेगनच्या आवाजात एक रेकॉर्ड काढली होती, तेव्हा ते नटच होते. समाजवादी औषधोपचार येतोय, उद्या स्वातंत्र्य जाईल असा एकूण सूर. तरी ३० जुलै १९६५ ला जॉन्सन यांनी मेडिकेअरवर सही केली, मिसुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी जाऊन, आणि पहिलं कार्ड माजी अध्यक्ष ट्रुमन यांना दिलं कारण त्यांनी वीस वर्षं आधी हा प्रयत्न करून मार खाल्ला होता.

आज ६५ वर्षांवरच्या कट्टर रिपब्लिकन माणसाला मेडिकेअर नको का विचारा. कोणी सोडायला तयार नाही! पण गंमत नाही हे, गंभीर आहे, की बऱ्याच जणांना ती सरकारी योजना वाटतच नाही. कॉर्नेलच्या सुझॅन मेटलर यांनी २००८ च्या सर्व्हेत लोकांना विचारलं होतं की तुम्ही कधी सरकारी सामाजिक योजनेचा लाभ घेतलाय का, तर मेडिकेअरवर असलेल्यांपैकी जवळपास ४० टक्के नाही म्हणाले.

म्हणजे रोज वापरतोय ते सरकारचं आहे हे माहीत नाही आणि जे माहीत आहे ते वापरायचं नाही.

आडवाट

मी विरोधात आहे, आणि तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. प्लीज मला गुडघेदुखीवाल्या काकांच्या खान्यात टाकू नका.

मी स्वतंत्र कन्सल्टंट आहे, विमा स्वतःचा स्वतः घेतो. २०१३ मध्ये माझा जो प्लॅन होता तो मला पसंत होता, कॅटॅस्ट्रॉफिक टाइपचा, स्वस्त, मोठं काही झालं तरच कामाचा. आवडत असेल तर प्लॅन ठेवता येईल असं अध्यक्ष स्वतः पुन्हा पुन्हा सांगत होते आणि त्या शरद ऋतूत लाखो लोकांना प्लॅन बंद होत असल्याची पत्रं आली, त्यात माझं एक. नवीन प्लॅन घेतला तर हप्ता खूप जास्त, कारण आमचं उत्पन्न गरिबी रेषेच्या ४०० टक्क्यांच्या जरा वर, सबसिडी शून्य. एक डॉलर वर गेलात की सगळी सबसिडी गेली असा तो कडा होता. आणि घेतला नाही तर दंड, २०१६ मध्ये माणशी ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के यातलं जे जास्त ते. मग मी चिडू नको का? हे टीव्ही बघून झालेलं मत नाही, हे माझ्या बँक खात्यातून झालेलं मत आहे.

आणि तत्त्वाचा मुद्दा पण आहे. जगण्यासाठी अमुक एक गोष्ट खाजगी कंपनीकडून विकत घ्याच असं केंद्र सरकारने सांगावं हे मला आजही पटत नाही. कोर्टाने तो टॅक्स आहे म्हणून चालवून घेतलं, ठीक, पण पटत नाही ते नाही.

सोनचाफा

आडवाट, तुमचा राग मला समजतो आणि तो कडा चुकीचाच होता, २०२१ मध्ये कोविडच्या पॅकेजमध्ये तो काढला तेव्हा तुमच्यासारख्या किती जणांना पहिल्यांदा हायसं वाटलं हे मी टेबलावर बघितलंय. तुम्ही आकडे बघून विरोध करताय. मी बोलतेय ते आकडे स्वतःच्या बाजूने असूनही नको म्हणणाऱ्यांबद्दल.

त्या मॅन्डेटचं, म्हणजे विमा घ्यायच्या सक्तीचं, मात्र बघा. ती कल्पना १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशनने मांडली, म्हणजे तुमच्याच बाजूच्या लोकांनी, की प्रत्येकाने विमा घ्यायची जबाबदारी घ्यावी. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी ती राबवली. २०१० मध्ये दुसऱ्या पक्षाने उचलली तर तीच एकदम हुकूमशाही झाली. तुमचा विरोध तत्त्वाचा असेल, मी मानते, पण सगळ्यांचा तसा असता तर २००६ मध्येही तेवढाच आवाज झाला असता ना?

निळी_शाई

मी टेक्ससमध्ये हॉस्पिटलच्या बिलिंगला आहे. इथे नकाशा वगैरे काही बघावा लागत नाही, रोज समोर येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कायदा लिहिताना असं धरलं होतं की गरिबी रेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंतचे सगळे मेडिकेडमध्ये जातील, म्हणून एक्स्चेंजवरची सबसिडी साधारण १०० टक्क्यांपासून वर सुरू केली. मग राज्याने विस्तार नाकारला की मधले लोक लटकतात. मेडिकेडसाठी पात्र नाहीत आणि सबसिडीसाठी उत्पन्न कमी पडतं! जास्त कमावणाऱ्याला मदत आणि कमी कमावणाऱ्याला काही नाही. टेक्ससमध्ये धडधाकट, मूल नसलेला माणूस कितीही गरीब असला तरी मेडिकेड मिळत नाही, आणि मुलं असलेल्या आईबापांसाठी उत्पन्नाची मर्यादा इतकी खाली आहे की थोडीफार पार्टटाइम नोकरी केली तरी बाहेर. (विस्कॉन्सिनने पण विस्तार घेतलेला नाही पण तिथे १०० टक्क्यांपर्यंत राज्य स्वतः कव्हर देतं त्यामुळे हा खड्डा नाही, सगळ्या दहा राज्यांना एकाच मापाने मोजू नये.)

लोक म्हणतात इमर्जन्सीत कोणालाही घेतातच की. घेतात, १९८६ चा कायदाच आहे, रेगन यांच्याच सहीचा. पण त्या कायद्याने तपासून स्थिर करतात, पुढची केमो नाही होत, डायबेटिसची औषधं महिन्याला नाही मिळत, आणि बिल तर येतंच, ते कोणी माफ केलेलं नसतं. मग माणूस घाबरून यायचं टाळतो आणि जेव्हा येतो तेव्हा उशीर झालेला असतो. मला फोनवर पेमेंट प्लॅन विचारणाऱ्या बायकांचे आवाज घरी आल्यावरही ऐकू येतात.

साराह मिलर, नॉर्मन जॉन्सन आणि लॉरा व्हेरी यांचा अभ्यास आहे, ५५ ते ६४ वयाच्या गरीब लोकांचा. २०१४ ते २०१७ या चार वर्षांत विस्तार घेतलेल्या राज्यांत अंदाजे १९,२०० मृत्यू टळले आणि न घेतलेल्या राज्यांत अंदाजे १५,६०० मृत्यू टाळता आले असते ते झाले. हा आकडा वाचल्यावर मला विधानसभेतली भाषणं ऐकवत नाहीत.

मध्यरात्र

पण निळी_शाई, राज्याने नाकारलं म्हणजे तिथल्या लोकांनी नाकारलं असं नाही ना. जिथे जिथे विस्तार आणायचा का यावर थेट मतदान झालं तिथे काय झालं बघा. मेन २०१७, मग आयडाहो, युटा, नेब्रास्का २०१८, ओक्लाहोमा आणि मिसुरी २०२०, साउथ डकोटा २०२२. बहुतेक सगळी लाल (रिपब्लिकन) राज्यं आणि सगळीकडे विस्ताराच्या बाजूने कौल! ओक्लाहोमात अगदी निसटता, पण झाला. यातल्या बहुतेक राज्यांत मतदारांनी त्याच सुमारास ट्रंपला भरभरून मतं दिली. मिसुरीत तर मतदान झाल्यावर विधानसभेने पैसेच मंजूर केले नाहीत, शेवटी राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की करावंच लागेल. मेनमध्येही गव्हर्नर लपाज अडून बसले आणि नवीन गव्हर्नर आल्यावर २०१९ मध्ये सुरू झालं.

त्यामुळे पक्ष ठरवतो हे अर्धं खरं. मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह नसेल, नुसता प्रश्न असेल तर लोक वेगळं ठरवतात.

चौकट

एक पैलू राहिला म्हणून लिहितो, अर्थशास्त्रवाल्यांनी याला राजकीय प्रतिकूल निवड म्हटलंय (बुर्स्टिन, कोल्स्टॅड वगैरे, २०२२ चा पेपर).

विम्यात आजारी माणूस जास्त उत्सुक असतो आणि निरोगी माणूस टाळतो हे तर जुनंच. त्यांनी असं दाखवलं की राजकीय नावड सगळ्यांवर सारखी चालत नाही. कॅन्सर झालेला रिपब्लिकन माणूस विचारसरणी बाजूला ठेवून विमा घेतो, घ्यावाच लागतो. मागे राहतो तो निरोगी, ज्याला आज गरज दिसत नाही आणि नाव ऐकून चीड येते. म्हणजे राजकारणामुळे पूलमधून (विमा घेतलेल्यांच्या एकत्र गटातून) बाहेर जातात ते नेमके निरोगी लोक, उरलेल्यांचा सरासरी खर्च वाढतो, कंपनी हप्ता वाढवते, आणि सबसिडी हप्त्याला बांधलेली असल्याने सरकारचा खर्चही वाढतो. ज्याला सरकारी खर्च कमी हवाय त्याच्याच न येण्याने तो वाढतो.

आणि हप्ता वाढला की परत म्हणायचं बघा ओबामाकेअर महाग आहे. सबसिडी न मिळणारा शेजारी ते पैसे भरतो. आडवाट, तुमच्या हप्त्यात या लोकांच्या न येण्याचाही वाटा असणार. ट्रॅक्टमन यांनी याच अंगाने पाहिलंय, रिपब्लिकन मतदार जास्त असलेल्या भागांत हप्ते चढे राहण्यामागे लोकांची ही वागणूक पण आहे.

आडवाट

चौकट, हा मुद्दा माझ्यासाठी नवीन आहे आणि विचार करण्यासारखा आहे. पण मग दुसऱ्या बाजूनेही बघा. फ्लोरिडा! मेडिकेड विस्तार नाही, गव्हर्नर रिपब्लिकन, आणि ओबामाकेअरच्या एक्स्चेंजवर सगळ्यात जास्त लोक कुठे तर फ्लोरिडात. २०२५ मध्ये ४७ लाखांच्या आसपास, त्याखालोखाल टेक्सस. देशभरात मिळून साधारण २ कोटी ४० लाख. २०२१ ला सबसिडी वाढली, कित्येकांना हप्ता शून्यावर आला आणि लोक आले, पक्ष बिक्ष काही आडवं आलं नाही. म्हणजे माणूस शेवटी किंमतच बघतो. तुम्ही लोक राजकारणाला जरा जास्तच महत्त्व देताय.

२०२५ च्या शेवटी ती वाढीव सबसिडी संपणार म्हणून ४३ दिवस सरकार बंद होतं तेव्हा जॉर्जियाच्या तेव्हाच्या रिपब्लिकन खासदार मार्जोरी टेलर ग्रीन, ज्यांना कोणी डावं म्हणणार नाही, त्या सुद्धा जाहीर बोलल्या की माझ्या मोठ्या मुलांचे हप्ते दुप्पट होतील. खिशापर्यंत आलं की सगळे एकच भाषा बोलतात.

चौकट

अगदी, आणि हे पेपरच्या विरुद्ध जात नाही. किंमत शून्य असेल तर नावडीला जागाच उरत नाही. हप्ता महिना ८०-१०० डॉलर असतो, तब्येत ठीक असते, तिथे ती नावड वजन टाकते. आता वाढीव सबसिडी गेली म्हणजे ती जागा परत मोठी झाली.

दवबिंदू

आपल्या लोकांबद्दल कोणी लिहिलं नाही. आपल्याकडे पक्षापेक्षा भीती जास्त चालते. २०१९ ला पब्लिक चार्जचा नियम आला, मेडिकेड वगैरे घेतलं तर ग्रीनकार्ड अडकेल असं वातावरण झालं, तर माझ्या ओळखीत ज्यांना तो नियम लागूच नव्हता, मुलं इथली सिटिझन, त्यांनीही मुलांचं नाव काढून घेतलं. एक्स्चेंजवरची सबसिडी त्या नियमात नव्हती तरी ती पण नको म्हणाले. २०२१ ला नियम मागे घेतला पण ज्यांच्या मनात बसलं त्यांच्या बसलंच. फोन करून करून समजावलं मी एका मैत्रिणीला, ती म्हणाली आज नाही पण उद्या परत आणतील, कोणाचं सरकार येईल काय सांगता येतंय. आणि तिला चूक कशी म्हणू?

आईबाबांना ग्रीनकार्डवर आणलेल्यांनी नीट चौकशी करा. मेडिकेअर विकत घ्यायला सलग पाच वर्षं राहिलेलं लागतं, मेडिकेडलाही ग्रीनकार्डनंतर साधारण पाच वर्षं थांबावं लागतं, तोपर्यंत एक्स्चेंजचा आधार होता, पण २०२५ च्या जुलैतल्या कायद्याने तोही कमी केलाय, इमिग्रेशन स्टेटसमुळे मेडिकेड न मिळणाऱ्यांना गरिबी रेषेखालच्या उत्पन्नावरही जी सबसिडी मिळायची ती २०२६ पासून गेली. आणि एच-वनवाल्यांची २०२७ पासून जाणार आहे.

काजवा

मला सोनचाफाच्या पहिल्या पोस्टमधला प्रयोग सोडत नाहीये. सरकारचं नाव मागे ठेवलं की लोक येतात. छान. पण मग पुढे?

केंटकीचं उदाहरण घ्या. तिथे डेमोक्रॅट गव्हर्नर स्टीव्ह बशीर यांनी एक्स्चेंजचं नाव काइनेक्ट ठेवलं, जाहिरातीत ओबामाचं नाव नाही, आणि विमा नसलेल्यांचं प्रमाण धडाधड खाली आलं. पोलमध्ये ओबामाकेअरबद्दल नाराजी खूप आणि काइनेक्टबद्दल त्याच्या निम्मीसुद्धा नाही. २०१५ च्या निवडणुकीत रिपब्लिकन मॅट बेव्हिन उघड सांगत होते की मी हे मोडणार, आणि निवडून आले, काइनेक्ट बंद केलं. (नंतर बशीर यांचा मुलगा अँडी गव्हर्नर झाला आणि परत आणलं.) ओक्लाहोमात मेडिकेडला सूनरकेअर म्हणतात, टेनेसीत टेनकेअर, विस्कॉन्सिनमध्ये बॅजरकेअर. कार्डावर केंद्र सरकारचं नाव कुठे ठळक नाही. उद्या वॉशिंग्टनमध्ये मेडिकेड कापायचं ठरलं की हाच माणूस म्हणतो कापा, माझं तर बॅजरकेअर आहे.

म्हणून मला वाटतं की नाव लपवून आज एक माणूस विम्यात आणला तरी उद्या ती योजना वाचवायला उभा राहणारा माणूस आपण गमावतो. २०१७ च्या जुलैत ओबामाकेअरचा कायदा रद्द होता होता वाचला तो सिनेटच्या एका मताने, रिपब्लिकन सिनेटर मकेन यांनी रात्री उशिरा अंगठा खाली केला म्हणून. लोक टाउन हॉलमध्ये (लोकप्रतिनिधींच्या जाहीर सभांत) उभे राहून माझ्या मुलाचं इन्शुलिन यातून येतं म्हणून ओरडले त्याचा वाटा त्यात आहे. ते ओरडू शकले कारण त्यांना माहीत होतं ते कुठून येतं.

सोनचाफा

काजवा, हे वाचून मी बराच वेळ थांबले. माझ्या टेबलावरून मात्र वेगळं दिसतं. तिथे समोर एक माणूस असतो आणि त्याचा गुडघा असतो, पाच वर्षांनंतरची निवडणूक नसते. मी खोटं बोलत नाही, विचारलं तर सांगते. पण सुरुवात आता आकड्यापासून करते, कंपनीचं नाव दाखवते, त्याचे डॉक्टर त्यात आहेत का ते शोधते, आणि कायद्याचं नाव तो विचारेपर्यंत काढत नाही. विचारलंच तर एवढं म्हणते की हो, तोच कायदा, आणि हे तुम्ही भरलेल्या टॅक्सचे पैसे आहेत, ते घ्यायला तुम्ही कोणाचे समर्थक असायची गरज नाही. यावर काही जण थांबतात. फॉर्म पूर्ण झाल्यावर जाताना मी आवर्जून सांगते की हे कुठून आलं. ऐकतात की नाही माहीत नाही.

आणि माणसं नसतील तर हे सांगणार कोण? २०१७ मध्ये जाहिरातीचं बजेट १० कोटी डॉलरवरून १ कोटीवर आणलं, नॅव्हिगेटरचेही (विमा घ्यायला मदत करणाऱ्यांचे) पैसे कापले. तोही राजकीय निर्णयच. आता २०२७ पासून मेडिकेडच्या विस्तारात येणाऱ्या प्रौढांसाठी महिन्याला ८० तास कामाची अट येतेय. आर्कान्सामध्ये २०१८ ला हे करून बघितलं तेव्हा कोर्टाने थांबवेपर्यंत १८,००० वर लोक बाहेर फेकले गेले, त्यातले कितीतरी काम करत होते, फक्त ऑनलाइन नोंदवायचं जमलं नाही. त्यांना कोणत्या पक्षाचे म्हणणार?

आडवाट

कामाच्या अटीला माझा तत्त्वतः विरोध नाही. पण काम करणारा माणूस वेबसाइटमुळे बाहेर पडत असेल तर ते मलाही मान्य नाही, आधी यंत्रणा नीट करा मग अट लावा.

काजवाशी मात्र सहमत, आणि विरोधक म्हणून सहमत. सरकारी असेल तर सरकारी म्हणून दाखवा. मला विरोध करायचा हक्क आहे, पण कशाला करतोय ते मला दिसलं पाहिजे.

पायवाट

वाचनमात्र असते, पहिल्यांदाच लिहितेय. नवऱ्याची नोकरी गेल्या आठवड्यात गेली, विमा महिनाअखेरपर्यंत आहे. तो म्हणतो ओबामाकेअर नको, कोब्रा घेऊ, तोच आपला चांगला विमा. कोब्राचा आकडा बघून मला घाम फुटला. दोन मुलं आहेत. आमचं यावरून भांडण चालू आहे आणि त्याचं मत बदलेल असं दिसत नाही. काय करू?

सोनचाफा

पायवाट, आधी तारखा लिहून ठेव. नोकरीचा विमा गेल्यापासून ६० दिवस एक्स्चेंजवर कधीही घेता येतो, नोव्हेंबरची वाट बघायची नाही. कोब्रा म्हणजे तोच जुना प्लॅन पण कंपनीचाही वाटा आपणच भरायचा, १०२ टक्क्यांपर्यंत, साधारण १८ महिने मिळतो. एक धोका: कोब्रा घेतला आणि ते ६० दिवस उलटल्यावर मधेच स्वतःहून सोडला तर एक्स्चेंजचा दरवाजा पुढच्या एनरोलमेंटपर्यंत बंद. कोणावर मोठी ट्रीटमेंट चालू असेल किंवा डिडक्टिबल भरून झालं असेल तर कोब्राही बरोबर ठरू शकतो, त्यामुळे त्याचं म्हणणं एकदम उडवू नकोस.

मुलांचं वेगळं बघ. उत्पन्न घसरलंय तर ती मेडिकेड किंवा चिपमध्ये (मुलांसाठीच्या सरकारी विम्यात) बसू शकतात, आईबाप बसत नसले तरी, आणि त्याला वर्षभरात कधीही अर्ज करता येतो. नवऱ्यासमोर नाव-गाव काही न काढता दोन्हीचे आकडे, डॉक्टरांची यादी आणि औषधांची यादी एका कागदावर शेजारी शेजारी ठेव. राज्य कोणतं ते मला व्यनि कर, तिथली मदत करणारी मोफत माणसं शोधून देते.